बारा खरबरीत चकत्या आणि मस्तगडचं पॉलिश

जालन्याला निघताना माझ्यापाशी तीन वस्तू होत्या. एक छत्री, एक बिस्किटांचा पुडा आणि एक डबी, जी वाटेत उघडायची नाही असं मला बजावून सांगण्यात आलं होतं. पुढच्या तीन दिवसांत मी तिन्हींचा घोळ घातला. बिस्किटांचं सांगत बसत नाही, त्यात फक्त मुंग्यांचं भलं झालं. छत्रीचं आणि डबीचं मात्र सांगायलाच हवं, कारण जालन्यात ते आता माझ्यामागेही सांगितलं जातं आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते असं कानावर आलं आहे.

आधी डबीत काय होतं ते सांगतो. मी मूळचा सावंतवाडीचा, पोटासाठी पुण्यात काच शिकवतो. खिडकीची काच नाही. आमची काच म्हणजे थोडी काच, थोडी चिनीमाती. हाडात खड्डा पडला, तुकडा गेला, तर तिथे ती बसवायची. शरीराला ती आवडली तर हाड हळूहळू वाढत येऊन तिला जोडलं जातं. अडचण असते ती पहिल्या भेटीची. हाडाच्या पेशी येतात, पाय टेकतात, आणि जागा गुळगुळीत लागली की पुढच्या गावाला निघून जातात. म्हणून त्या काचेच्या चकतीचा वरचा पापुद्रा सौम्य आम्लात जरा वेळ बुडवून खरबरीत करायचा. चिक्की चोखली की आधी गूळ विरघळतो आणि शेंगदाणे वर येतात ना, अगदी तसं. काचेचा भाग आम्लात विरघळतो, त्यात रुतलेले बारीक स्फटिक डोकं वर काढतात आणि पेशींना धरायला काहीतरी मिळतं. वर्गात हेच सांगायला मला दोन तास आणि पुष्कळ ग्रीक अक्षरं लागतात.

डबीत अशा बारा चकत्या होत्या, आणि त्या माझ्या नव्हत्या, मनीषाच्या होत्या. मनीषा माझी विद्यार्थिनी, जालना जिल्ह्यातल्या मंठ्याजवळच्या एका वाडीची. तिचा सगळा प्रबंध लिहून झाला होता. एकच चित्र राहिलं होतं: खरबरीत चकतीवर पेशी खरंच चिकटतात का, त्याचं. महिनाअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर तिची नोंदणीच संपणार होती. आमची पुण्याची भट्टी दुरुस्तीला गेलेली, म्हणजे नव्या चकत्या मिळायच्या नाहीत. होत्या त्या या बाराच.

जालन्याजवळच्या एका कॉलेजात पेशी वाढवायची सोय आहे. तिथल्या प्राध्यापक बाईंनी तिला जागा दिली आणि ती आधीच जाऊन पेशींची निगा राखत बसली. चकत्या ती कुरिअरने मागवणार होती. मीच म्हणालो, कुरिअर कशाला, मी आहे ना. आता वाटतं, कुरिअरवाला बरा. तो वाटेत कुणाकडे जेवायला थांबत नाही.

निघायच्या आधी तिचा फोन आला.

"सर, स्टेशनवरून थेट लॅबला यायचं. डबी उघडायची नाही. कुणाला दाखवायची नाही. पेशी तयार आहेत, उद्या सकाळी चकत्यांवर सोडायलाच पाहिजेत. बाटलीत गर्दी झाली की त्या बिघडतात. आणि परवानंतर लॅब कॉलेजला परीक्षेसाठी लागणार आहे."

"अगं, कळलं."

"सर, ते तुमचे कांतिलालकाका जालन्याचेच ना?"

"हो."

"मंग चहासुद्धा घेऊ नका."

मस्तगड

कांतिलाल स्टेशनवर उभाच होता. माझा हॉस्टेलमधला खोलीबंधू. त्याचं घराणं पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं. जालन्याच्या मस्तगड भागात खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर घर. घरात मारवाडी, दुकानात जालन्याची मराठी आणि भाव करताना जी कामाला येईल ती भाषा.

"काय रे वाडीकर!" तो लांबूनच ओरडला. "छत्री? जानेवारीत? इथं पावसाळ्यात लोक आभाळाकडं बघून राह्यले असतात, अन् तू आता छत्री घेऊन आला?"

सावंतवाडीच्या माणसाला छत्री ही वस्तू नसते, अवयव असतो, हे मी त्याला गेली तीस वर्षं समजावतो आहे.

"कांती, मला थेट कॉलेजात जायचंय."

"जाऊ ना. बिलकुल जाऊ. फक्त चहा."

चहा झाला. चहाबरोबर शेव आली, शेवेबरोबर कचोरी आली, आणि कचोरी संपेपर्यंत आतून बाट्या भाजल्याचा वास यायला लागला. भाभी दारात येऊन म्हणाल्या, "भाईसाब, पाट मांडलाय." मांडलेला पाट सोडून उठायला मनाचा जो कणखरपणा लागतो, तो माझ्याकडे कचोरीच्या आधी थोडाफार होता.

या घरातली वाढण्याची रीत सांगितली पाहिजे. आमच्या सावंतवाडीला पाहुणा "नको" म्हणाला तर ते नको असतं, विशेषतः मासा मोठा असेल तेव्हा. इथे तुम्ही "पुरे" म्हणालात की जेवण आता कुठे सुरू झालं असं समजतात. बाटी ताटात चुरायची, तिच्यावर तूप ओतायचं, बाटीने ते पिऊन टाकलं की पुन्हा ओतायचं. तुम्ही ताटावर हात आडवा धरलात तर तूप हातावर ओततात. तेही जमलं नाही तर घरातला मोठा माणूस उठून येतो आणि स्वतःच्या हाताने घास तुमच्या तोंडात घालतो. याला ते मनुहार म्हणतात. कांतिलालने मला असे तीन घास भरवले. शेवटच्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाभींना वाटलं प्रेमाने आलं. अर्धं तसंच होतं.

आता, इतकं खाल्लेला माणूस गप्प बसला असता तर ही हकीकत घडलीच नसती.

"डबीत काय आहे रे?" कांतीने विचारलं.

"विचारू नको," असं म्हणत मी डबी उघडली.

हात धुतले होते. पण तुपाला पाणी म्हणजे काय, कोपऱ्यावरचा ओळखीचा माणूस: मान हलवायची, जागचं हलायचं नाही. मी एक चकती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली आणि हाडं, पेशी, मानवजात वगैरे बरंच बोललो. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, "उद्या यांच्यावर एका मुलीचं सगळं अवलंबून आहे, कांती. इज्जतीचा सवाल आहे."

कांतीने चकती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि जरा काळजीने म्हणाला, "पण मालाला चमक न्हाई रे."

मी उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी जांभई दिली.

बैठकीत गादी होती, तक्क्या होता, पंखा होता. डबी उघडी राहिली आणि माझे डोळे मिटले.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. मनीषाचे इतके फोन येऊन गेले होते की फोन तापला होता. कांतीने डबी माझ्या हातात ठेवली. तिला त्याने लाल नाडा बांधला होता.

"बराबर पॅक केलंय," तो म्हणाला आणि एक डोळा बारीक केला. "पोरीला सांग, कांतीकाकांनी दिलंय."

मला वाटलं, तो नाड्याबद्दल बोलतोय.

लॅब

मनीषा लॅबच्या दारात उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नाड्याकडे, मग माझ्या शर्टावरच्या पिवळ्या डागाकडे. तिने हातमोजे घातले, डबी उघडली आणि तिथेच थांबली.

डबीत बारीक आरसे होते. कापसाच्या गादीवर ओळीने मांडलेले, लखलखीत. एकात मला माझा चेहरा दिसला आणि तो काही पाहण्यासारखा नव्हता.

तिने एक चकती चिमट्याने उचलून पाटीवर ठेवली आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. ही आमची जुनी साधी परीक्षा. चकती चांगली असली तर थेंब दमलेल्या पाहुण्यासारखा अंग टाकून पसरतो. हा थेंब तेलकट तव्यावर बसावा तसा गोल, ताठ बसून राहिला. तिने पाटी जराशी तिरकी केली. थेंब घरंगळून खाली पडला.

"सर, खरं सांगा. डबी उघडली?"

"थोडीशी."

"डबी थोडीशी कशी उघडती?"

तिने चकती नाकाजवळ नेली. "तूप. हिंग." पुन्हा वास घेतला. "अन् हे तिसरं काय आहे?"

मी कांतीला फोन लावला आणि तिने माझ्या हातातून घेऊन तो मोठ्या आवाजावर टाकला.

"कांती, चकत्यांना काय केलंस रे?"

"अरे, थँक्यू कशाला म्हणतो!" पलीकडून आनंदी आवाज आला. "तूच म्हटला ना इज्जतीचा सवाल. आमच्या दुकानातून साधा चमचा जरी गेला तरी तो पॉलिश झाल्याबिगर जात न्हाई, मंग तुझा माल तसाच जाऊ देऊ का? मशिनवर न्हाई घातलं हां, नाजूक वाटलं. एकेक हातानं घासलं. तू घोरत होता तवर आम्ही दोघं नवरा-बायको बसेल होतो."

मनीषाने कपाळाला हात लावला. मग, मी आजही ज्याला सलाम करतो अशा आवाजात, ती शांतपणे म्हणाली, "काका, मी मनीषा. अकराच भरल्या. एक कमी आहे."

"हां, बेटा, ती शोकेसला लावली ना. सॅम्पल म्हणून. लई सुंदर दिसते."

तिने फोन बंद केला. मग ती बोलली, आणि तेव्हा पुण्याची चार वर्षं तिच्या जिभेवरून पार पुसून गेली होती.

"एवढं सांगेल होतं मी तुम्हाला! उघडू नका म्हटलं, दाखवू नका म्हटलं. कामून उघडली? आता भट्टी न्हाई, चकत्या न्हाईत, परवानंतर लॅब बंद. पेशी काय माझी वाट बघत बसतेत का? बाबांना काय सांगू मी? सर जेवायला गेल्ते म्हणून?"

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही तिने पाहू दिलं नाही.

मी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि बाह्या वर केल्या. "आम्ल आहे का इथे?"

"आहे. पर पेशींपासून मला हलता येत न्हाई. त्यांचं पाणी बदलायचंय. करणार कोण?"

"मी."

ती वळली आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी परीक्षेत पहिल्या बाकावर कोरा पेपर देणाऱ्या मुलांकडे टाकतो. खरं तर मला चिमटा धरून किती काळ लोटला होता ते मलाच आठवत नव्हतं. आम्ही प्राध्यापक माणसं सह्या करतो.

"एक चकती तशीच ठेवा," ती म्हणाली. "पॉलिशची. तुलनेला होईल." रागाच्या भरातही तिला तुलना सुचत होती. मी पोर चांगली निवडली होती, पोरीने गुरू तितका चांगला निवडला नव्हता.

पेशींची खोली काचेच्या खिडकीपलीकडे. ती आत, मी बाहेर. आधी साबणाचं पाणी, मग तेलकटपणा काढणारी रसायनं, मग थरथरणाऱ्या पाण्याच्या भांड्यात आंघोळ, आणि ती पुन्हा पुन्हा, कारण मस्तगडचं पॉलिश सहजासहजी हार मानत नव्हतं. भांड्यातल्या पाण्यावर पहिल्यांदा तुपाचा तवंग आला तेव्हा लॅबमधल्या बाईसुद्धा बघायला आल्या. "बाटी होती का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "कुणाकडं?" मी सांगितलं. "हां, त्यांच्याकडं तूप मोकळ्या हातानं असतं," म्हणून त्या समजुतीने निघून गेल्या.

मग आम्ल. इथे वेळेचं महत्त्व. कमी बुडवली तर शेंगदाणे वर येत नाहीत, जास्त बुडवली तर शेंगदाणेही जातात. मी फोनवर घड्याळ लावलं, चकत्या आम्लात सोडल्या, आणि नेमकं तेवढ्यात फोनवर कांतीचं नाव झळकलं. रात्रीच्या जेवणाला येतोस ना? फोन उचलताना घड्याळ गेलं कुठे ते कळेना. काचेपलीकडून मनीषाने स्वतःच्या घड्याळाकडे बोट दाखवून दोन्ही हात वर उडवले. मी झटकन चकत्या बाहेर काढल्या, पाण्यात धुतल्या, आणि त्या कोरड्या व्हाव्यात म्हणून सवयीने, म्हणजे आपण गरम चहावर मारतो तशी, वाकून फुंकर मारणार इतक्यात खिडकीवर धाडकन थाप पडली.

तिचं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. पण "फुंकर न्हाई!" हे शब्द मी ओठांवरून वाचले. मराठवाड्याची बोली मला तेव्हापासून ऐकल्याशिवायही समजते.

चकत्या वाळायला रात्रभर लॅबच्या ओव्हनमध्ये गेल्या. सकाळी मनीषाने त्यांतल्या एकीवर थेंब सोडला. मी श्वास रोखून बसलो, तोही फुंकर वाटू नये म्हणून तोंड फिरवून. थेंब टेकला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि मग सावकाश पसरला. ती फक्त "हं" म्हणाली. तिने चकत्या छोट्या ताटल्यांत ठेवल्या, वर पेशी सोडल्या आणि पॉलिशच्या चकतीच्या झाकणावर पेनाने लिहिलं: मस्तगड.

"आता?"

"आता उद्यापर्यंत काय बी करता येत न्हाई. इथं बसून राह्यलो तर पेशी जल्दी चिकटतील असं थोडंच आहे. चला, घरी जाऊन येऊ. बाबांनी तुम्हाला आणायला सांगेल आहे."

तिने अजून मला माफ केलं नव्हतं. पण घरी न्यायला माफ करायची गरज नसते, हे मला त्या जिल्ह्यात कळलं.

मंठ्याच्या वाटेला

एसटीतून दोन्ही बाजूंना काळी जमीन. माझ्या डोळ्यांना लाल मातीची सवय, त्यामुळे सुरुवातीला सगळं रान नुकतंच जळून गेल्यासारखं वाटतं. मग त्यात हरभऱ्याची हिरवी चौकडी दिसते, शेवटच्या वेचणीचा कापूस दिसतो, आणि आमच्याकडे जसे माड उभे असतात तशी इथे मोसंबीची बुटकी झाडं रांगेत शिस्तीत बसलेली दिसतात. मनीषाच्या वाडीला पोचलो तेव्हा तिचे वडील लिंबाजीराव मेंढ्या घेऊन माळावर होते. आम्ही तिकडेच गेलो.

ऊन चढलं होतं. मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. छत्री उघडली.

मेंढ्यांनी बहुधा जन्मात काळी छत्री फट्‌ करून उघडताना पाहिली नव्हती. सगळा कळप एकाच वेळी हवेत उडाल्यासारखा उधळला आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसला.

"छत्री मिटा!" लिंबाजीराव ओरडले. "सर! छत्री मिटा ती!"

मी घाईघाईत मिटायला गेलो तर ती अडकली. अर्धी उघडी छत्री घेऊन मी मेंढ्यांच्या मागे धावलो, आणि मी जितका धावलो तितक्या त्या हरभऱ्यात आत गेल्या. मनीषाने शेवटी मला जागच्या जागी बसायला सांगितलं. मी बसलो, आणि कळप आपोआप शांत झाला. शेजारी बांधावर आला, त्याने हरभऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिंबाजीरावांना विचारलं, "पाव्हणा कुठला?"

"मनीषाचे सर हायेत."

"मंग राहू द्या," तो म्हणाला, आणि ते आदराने म्हणाला की कीव येऊन, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

बाभळीखाली लिंबाजीरावांनी घोंगडी अंथरली. मनीषाच्या आई, गयाबाई, भाकरी आणि येसराची आमटी घेऊन आल्या. ज्वारी, हरभरा आणि मसाला भाजून दळलेला येसर. त्याची काळपट, झणझणीत आमटी. पहिल्या घोटाला माझे कान गरम झाले, दुसऱ्याला मी वाटी पुढे केली. कोकणात आम्ही तिखटावर नारळाची समजूत घालतो. इथे तिखट असतं तसंच समोर येतं आणि आपण त्याची समजूत घालायची.

जेवून पाहिलं तर गुडघ्यापर्यंत माझी पँट कुसळांनी भरलेली. उपटून काढायला बसलो.

"काय म्हणते, काम काय हाय तुझं ते पुन्हा सांग," लिंबाजीराव लेकीला म्हणाले. "दरखेपेला सांगते, दरखेपेला इसरतो."

मनीषाने माझ्या पँटवरचं एक कुसळ काढलं. "हे सरांच्या पँटला लागलं, तुमच्या घोंगडीला लागलं. सरांच्या बुटाला लागलं का?"

"न्हाई. बूट गुळगुळीत हाय."

"झालं. मी बुटाची घोंगडी करते."

लिंबाजीराव हसले. मग तिने आदल्या दिवसाची गोष्ट सांगितली. माझी जांभई, कांतीकाकांचा डोळा, पाण्यावरचा तुपाचा तवंग, काचेवरची थाप, सगळं हातवारे करून. माझं घोरणं तिने ऐकलं नव्हतं तरी हुबेहूब काढलं. गयाबाई पदर तोंडात धरून हसत होत्या. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. हसले नाहीत ते लिंबाजीराव.

"मंग, चिकटल्या का त्या?"

"उद्या कळंल, बाबा."

"ही चार वर्सं हेच सांगून राह्यली, सर," ते माझ्याकडे वळले. "उद्या कळंल. तुम्ही सांगा. पोरीचं बराबर चाललंय ना?"

"तिचं बिलकुल बरोबर चाललंय," मी म्हणालो. "घोळ आहे तो माझा."

"ते दिसलं मघाशी," ते हरभऱ्याकडे बघत म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "अन् त्या शेटजीला सांगितलं का?"

"काय?"

"त्यानं घासलेलं सगळं पुन्हा खराब केलं म्हणून. नवरा-बायको बसून घासत व्हते म्हणता. वाईट वाटंल त्याला." त्यांनी घोंगडीवरचं कुसळ काढून फेकलं. "फोनवर नका सांगू. जेवायला जा, अन् मंग सांगा."

परत मस्तगड

दुसऱ्या दिवशी आम्ही परत लॅबला पोचलो. मनीषाने ताटल्या हलक्या हाताने धुतल्या, म्हणजे ज्या पेशी नुसत्याच तरंगत असतील त्या निघून जाव्यात. मग रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी तिच्या मागे उभा होतो. वेळ जात होता. ती हलत नव्हती.

"काय?"

"थांबा, सर."

मी थांबलो. थांबणं ही गोष्ट मी या प्रवासात शिकायला सुरुवात केली होती.

"बघा," ती उठली.

काळ्या आभाळात हिरवे तारे असावेत तसं दिसलं आणि मग नीट दिसलं. तारे नव्हते. पेशी होत्या, आणि त्या हातपाय पसरून, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून, माहेरी आल्यासारख्या पडल्या होत्या. मी घाईत बाहेर काढलेल्या चकत्यांवर. मग तिने 'मस्तगड' ठेवली. तिथे दोन-चार गोल ठिपके, एसटी स्टँडवरच्या अनोळखी माणसांसारखे एकमेकांपासून लांब उभे. बाकी सगळं स्वच्छ. लखलखीत स्वच्छ.

मनीषाने फोन लावला. "बाबा? चिकटल्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "लई. लई चिकटल्या." मग ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हां, सांगते." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बाबा म्हणले, सरांना सांग, आता छत्री उघडली तरी चालंल."

मी कांतीकडे जेवायला गेलो. मनीषाही आली, मला एकट्याला सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. या वेळी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती. पहिल्या मनुहारानंतर मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. खरबरीत का करतात, पॉलिशने काय झालं, आम्ही ते कसं काढलं, आणि एकट्या राहिलेल्या त्या चकतीवर काय दिसलं.

कांतीने ताट बाजूला सारलं. भाभींनी वाढायचा चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही पोरीचं नुकसान करत होतो," तो म्हणाला.

"झालं न्हाई ना काका," मनीषा म्हणाली. "उलट तुमची चकती प्रबंधात घातलीय. तुलनेला. चित्राखाली नाव पण आहे, मस्तगड."

"आमची चकती? छापणार?"

"हो."

"अन् तिच्यावर काहीच चिकटलं न्हाई?"

"काहीच न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"धुतलं की सगळं निघून गेलं."

कांती उठला. हात धुऊन जिना उतरून दुकानात गेला. आम्ही मागोमाग. त्याने शोकेसमधून ती चकती काढली, धोतराच्या टोकाने पुसली आणि समोर कढयांचा भाव करत उभ्या असलेल्या एका बाईंच्या पुढे धरली.

"ताई, कढई चिकटते म्हणता ना? हे बघा. पुण्याचे सर आले, मशिनवर लावून बघितलं. आमच्या पॉलिशवर काहीच चिकटत न्हाई. धुतलं की सगळं निघून जातं. पुस्तकात छापून येणार आहे." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "सरांनाच विचारा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी शास्त्राला स्मरून म्हणालो, "पेशी तरी चिकटल्या नाहीत." बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी दोन कढया घेतल्या. तिसरी, मी नको नको म्हणत असताना, कांतीने माझ्या पिशवीत कोंबली. मनुहार फक्त ताटावर होत नाही.

मनीषाचा प्रबंध मुदतीत दाखल झाला. कढई आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. परवा तिच्यात पहिल्यांदा पोहे केले, आणि ते तळाला असे धरून बसले की उलथन्याने, चमच्याने, कशानेच निघेनात. मी फोटो काढून मनीषाला पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं.

"सर, घासू नका. तशीच लॅबला आणा."